इंटरनेट वापराची नोंद, सरकारी पाळत आणि आपला खासगीपणा : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

भारतात इंटरनेट सेवा देणाऱ्या प्रत्येक कंपनीला दूरसंचार विभागाच्या परवान्यातील अटीनुसार ग्राहकांच्या वापराची नोंद किमान दोन वर्षे जपून ठेवावी लागते. डिसेंबर २०२१ पर्यंत ही मुदत एक वर्षाची होती. त्या महिन्यात परवान्याच्या अटी बदलून ती दुप्पट करण्यात आली. या नोंदीत तुम्ही वाचलेले पान किंवा लिहिलेला मजकूर नसतो. तुमची जोडणी किती वाजता सुरू झाली, त्या वेळी तुमच्या उपकरणाला कोणता आयपी पत्ता (इंटरनेटवरील ओळख क्रमांक) आणि कोणता पोर्ट क्रमांक (एकच पत्ता अनेकांत वाटलेला असताना जोडणी वेगळी ओळखू देणारा आकडा) मिळाला, पलीकडे कोणत्या पत्त्याशी संपर्क झाला आणि तो कधी तुटला, अशा ओळींमागून ओळी त्यात असतात. एका ओळीला फारसा अर्थ नसतो, परंतु एखादी व्यक्ती रात्री अडीच वाजता कर्करोगावर उपचार करणाऱ्या रुग्णालयाच्या संकेतस्थळावर, पाठोपाठ विमा कंपनीच्या आणि पहाटे मृत्युपत्राची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर गेली असेल, तर मजकुराचा एकही शब्द न वाचता तिच्या घरात काय चालले आहे हे सांगता येते.

हा लेख अशा वाचकांसाठी आहे, ज्यांनी व्हीपीएन, टॉर, एन्क्रिप्शन हे शब्द ऐकले आहेत, पण सुरुवात कोठून करावी हे ज्यांना ठाऊक नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, एकदा तयार झालेल्या नोंदीवर नागरिकाचा ताबा जवळजवळ राहत नाही, कारण ती उघडण्याचा आदेश देणारे आणि तो आदेश तपासणारे दोघेही शासनातीलच असतात. म्हणून प्रयत्न करायचा तो नोंद तयार होते त्या जागी.

पहिला टप्पा : कोणाला काय दिसते, हे कागदावर मांडा

कोणतेही अ‍ॅप उतरवून घेण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि तुमच्या मोबाइलपासून संकेतस्थळापर्यंतच्या वाटेवर कोण कोण बसले आहे ते क्रमाने लिहा : उपकरण, ब्राउझर, वाय-फायचा मालक, सेवा पुरवठादार कंपनी, डीएनएस सेवा (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधून देणारी) आणि शेवटी ते संकेतस्थळ. त्या प्रत्येकापुढे त्याला काय दिसते ते लिहायचे आहे.

आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएस (मजकूर सांकेतिक रूपात पाठवण्याची पद्धत) वापरतात, त्यामुळे सेवा पुरवठादाराला पानावरील मजकूर, तुम्ही भरलेला फॉर्म किंवा पासवर्ड दिसत नाही. संकेतस्थळाचे नाव मात्र दोन ठिकाणी उघडे पडते. त्या नावाचा आयपी पत्ता शोधण्यासाठी डीएनएस सेवेला विचारणा होते तेव्हा एकदा, आणि सुरक्षित जोडणी सुरू होताना तुमचे उपकरण कोणते संकेतस्थळ हवे हे उघडपणे सांगते तेव्हा दुसऱ्यांदा. सोसायटीच्या दारावरच्या नोंदवहीत पाहुणा कोणाच्या घरी, किती वाजता आला आणि कधी गेला एवढेच लिहिलेले असते, दाराआड काय बोलणे झाले ते नसते, तसाच हा प्रकार आहे. भारतातील अनेक सेवा पुरवठादार संकेतस्थळे बंद करताना हीच दोन ठिकाणे वापरतात. बंदी घातलेले नाव दिसले की जोडणी तोडली जाते, म्हणजेच नाव वाचले जाते.

ब्राउझरमधील इन्कॉग्निटो खिडकीचा येथे उपयोग नाही. ती तुमच्या उपकरणावर इतिहास आणि कुकीज ठेवत नाही, एवढेच तिचे काम. घरातील दुसऱ्या व्यक्तीपासून ती थोडाफार आडोसा देते, पण सेवा पुरवठादाराच्या नोंदीतील एकही ओळ तिच्यामुळे कमी होत नाही.

दुसरा टप्पा : कायदा काय सांगतो ते समजून घ्या

हा टप्पा अनेक जण ओलांडून पुढे जातात. तसे करू नये, कारण आपण कोणत्या धोक्यापासून सावध राहायचे आहे हे कायद्याच्या वाचनातूनच स्पष्ट होते.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संस्थेच्या याचिकेवर निर्णय देताना दूरध्वनी ऐकण्याच्या अधिकारावर काही बंधने घातली. आदेश गृह सचिवांच्या पातळीवरून निघावा, त्याला मुदत असावी आणि एका समितीने तो तपासावा, ही चौकट त्या निकालातून आली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ मध्ये आणि त्याखालील २००९ च्या नियमांमध्ये हीच चौकट इंटरनेटसाठी आली. दूरसंचार कायदा, २०२३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये अधिसूचित झालेल्या त्याच्या नियमांतही ती कायम आहे. आदेश केंद्रात केंद्रीय गृह सचिव आणि राज्यात गृह विभागाचे सचिव देतात. तो ६० दिवस लागू राहतो आणि वाढवत नेला तरी १८० दिवसांपलीकडे जात नाही. राज्याच्या पुनरावलोकन समितीचे अध्यक्ष मुख्य सचिव असतात. या सर्व वाटेवर न्यायाधीश कोठेही नाही.

कलम ६९ चा एक भाग विशेष लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. जुन्या तार कायद्यात सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही पूर्वअट होती. कलम ६९ मध्ये ती नाही. राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांच्या जोडीला तेथे ‘कोणत्याही गुन्ह्याचा तपास’ हेही कारण पुरते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २० डिसेंबर २०१८ रोजी या कलमाखाली गुप्तचर विभाग, सीबीआय, अंमलबजावणी संचालनालय, प्रत्यक्ष कर मंडळ, दिल्ली पोलीस आयुक्त यांच्यासह दहा यंत्रणांना अधिकार दिले. याच कलमानुसार, माहिती उलगडून देण्याचा रीतसर आदेश असताना सहकार्य नाकारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि ही तरतूद कंपन्यांपुरती मर्यादित नाही, सामान्य वापरकर्त्यालाही ती लागू होते.

तपासणीची व्यवस्था प्रत्यक्षात किती चालते याचा अंदाज न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालातून येतो. मुंबई उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती राहिलेल्या श्रीकृष्ण यांच्या समितीने नमूद केले की, दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या पुनरावलोकन समितीच्या प्रत्येक बैठकीपुढे १५,००० ते १८,००० आदेश असतात. एका बैठकीत इतके आदेश कोणी वाचून तपासू शकत नाही, हे उघड आहे, आणि नागरिक म्हणून मला यातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने न्या. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यावर घाला घालायचा तर कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा, हे निकष त्यातून मिळाले. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मात्र येथे फारसा कामाला येत नाही, कारण कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून त्यातून वगळू शकते.

तिसरा टप्पा : तुमच्या नावावरील सिम आणि घरातील राउटर

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमधील स्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक धमकीचा ई-मेल गेला. तपास करणारे आयपी पत्त्याच्या मागावर नवी मुंबईत सानपाडा येथील एका इमारतीत, तेथे राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरी पोहोचले. त्याच्या वाय-फायला पुरेसे संरक्षण नव्हते आणि ई-मेल पाठवणाऱ्यांनी त्याचीच जोडणी वापरली होती. त्या माणसाला आठवड्या-दोन आठवड्यांत संपणाऱ्या चौकशीपेक्षा कितीतरी जास्त मनस्ताप सोसावा लागला. आयपी पत्ता जोडणी कोणाच्या नावावर आहे ते सांगतो, कळफलकावर कोणाची बोटे होती ते सांगत नाही. तरीही पहिला प्रश्न जोडणीच्या मालकालाच विचारला जातो.

म्हणून राउटरच्या व्यवस्थापन पानावर जाऊन सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए३, आणि तो उपलब्ध नसेल तर डब्ल्यूपीए२, असा निवडा. जोडणी बसवून देणारा माणूस जाताना ठेवून जातो तो पासवर्ड बहुधा मोबाइल क्रमांक किंवा सोपी अंकमालिका असतो. तो वाय-फायचाही बदला आणि व्यवस्थापन पानाचाही. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे सुरू करण्याची सोय बहुतेक राउटरमध्ये असते, ती वापरा. डब्ल्यूपीएस नावाची बटण दाबून जोडण्याची सोय बंद ठेवा.

यानंतर दूरसंचार विभागाच्या संचार साथी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते पाहा. एका व्यक्तीच्या नावावर साधारणपणे नऊ जोडण्या असू शकतात, आणि त्यांपैकी एखादी तुमच्या कागदपत्रांच्या प्रतीवर दुसऱ्याच कोणी घेतलेली असेल, तर तिच्या वापराची सगळी नोंद तुमच्या नावावर जमा होत राहते. अनोळखी क्रमांक दिसताच ‘हा माझा नाही’ अशी तक्रार तेथेच नोंदवता येते.

सार्वजनिक ठिकाणांबद्दल थोडक्यात. रेल्वे स्थानकांवरील मोफत वाय-फाय मोबाइलवर ओटीपी मागते, म्हणजे तुमचा क्रमांक जोडला जातोच. सायबर कॅफेसाठीच्या २०११ च्या नियमांनुसार ओळखपत्र दाखवावे लागते, कोणत्या संगणकावरून कोणती संकेतस्थळे पाहिली याची नोंद वर्षभर ठेवावी लागते, इतकेच काय, केबिनचा आडोसा जमिनीपासून साडेचार फुटांहून उंच असता कामा नये. तेथे गेल्याने ओळख लपते हा समज सोडून द्यावा.

चौथा टप्पा : ब्राउझर आणि डीएनएस

फायरफॉक्स घ्या. त्याच्या सेटिंग्जमध्ये गोपनीयता व सुरक्षा या भागात तीन गोष्टी करायच्या आहेत : केवळ एचटीटीपीएस वापरण्याचा पर्याय सर्व खिडक्यांसाठी सुरू करणे, मागोवा घेणाऱ्यांविरुद्धचे संरक्षण ‘स्ट्रिक्ट’ या पातळीवर नेणे, आणि त्याच पानाच्या तळाशी डीएनएस विचारणा एचटीटीपीएसवरून पाठवण्याचा पर्याय ‘मॅक्स प्रोटेक्शन’वर ठेवणे. यानंतर संकेतस्थळाच्या नावाची विचारणा सेवा पुरवठादाराला न दिसता थेट तुम्ही निवडलेल्या डीएनएस सेवेकडे जाते. ती सेवा सर्व नावे पाहते हे लक्षात ठेवून तिची निवड करावी. क्वाड९ ही अशी डीएनएस सेवा देणारी ना-नफा संस्था आहे आणि ती स्वित्झर्लंडमध्ये नोंदलेली आहे.

अँड्रॉइड ९ आणि त्यापुढील मोबाइलवर हे काम एकाच जागी होते. नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ उघडा, पुरवठादाराचे नाव लिहिण्याचा पर्याय निवडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘डीएनएस डॉट क्वाड९ डॉट नेट’ हा पत्ता लिहा. आता केवळ ब्राउझरची नाही, सर्वच अ‍ॅपची विचारणा बंदिस्त होते. एखाद्या हॉटेलच्या किंवा कार्यालयाच्या वाय-फायवर पान उघडेनासे झाले, तर तेवढ्यापुरता हा पर्याय ‘ऑटोमॅटिक’वर आणावा.

जोडणीच्या प्रारंभी उघडे पडणारे नाव झाकणारी ईसीएच ही पद्धत फायरफॉक्स आणि क्रोममध्ये आली आहे, पण समोरच्या संकेतस्थळाने ती स्वीकारली असेल तरच ती चालते. सरकारी आणि बँकांच्या संकेतस्थळांवर तिची अपेक्षा धरू नये. आयपी पत्ता तर यानंतरही दिसतोच.

पाचवा टप्पा : व्हीपीएन घ्यावे का?

व्हीपीएन तुमची सगळी वाहतूक सांकेतिक रूपात आधी आपल्या सर्व्हरकडे नेते आणि तेथून पुढे पाठवते. त्यामुळे सेवा पुरवठादाराच्या नोंदीत तुमच्या सगळ्या संकेतस्थळांऐवजी एकाच पत्त्याची ओळ राहते. परंतु जे ज्ञान आधी पुरवठादाराकडे होते, ते आता व्हीपीएन कंपनीकडे जाते. म्हणून विश्वास कोणावर ठेवायचा, एवढाच हा प्रश्न आहे.

सायबर सुरक्षेचे काम पाहणाऱ्या सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढले. त्यांनुसार सर्वसामान्य ग्राहकांना सेवा देणाऱ्या व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे पडताळलेले नाव, पत्ता, संपर्क क्रमांक, त्याला दिलेले आयपी पत्ते आणि सेवा घेण्याचा हेतू ही माहिती पाच वर्षे ठेवायची आहे; कार्यालयांच्या अंतर्गत व्हीपीएनला ही अट नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये ती व्हीपीएन कंपन्यांना लागू होण्याच्या सुमारास एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन, प्रोटॉनव्हीपीएन यांनी भारतातील आपले सर्व्हर हलवले. यातून नवख्याने घ्यायचा बोध असा की, ज्या कंपनीचे सर्व्हर प्रत्यक्षात भारतात आहेत आणि जी ग्राहकांच्या नोंदी ठेवते, तिचे व्हीपीएन या कारणासाठी निरुपयोगी आहे. कंपनीने स्वतंत्र लेखापरीक्षण करून घेतले आहे का, तिच्या अ‍ॅपचा सोर्स कोड खुला आहे का आणि ती कोणत्या देशात नोंदलेली आहे, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्पन्नाचा कोणताही मार्ग न सांगणारी फुकट व्हीपीएन अ‍ॅप टाळावीत. त्यांतील अनेक अ‍ॅप तुमचीच माहिती विकून चालतात.

भारतात व्हीपीएन वापरणे हा गुन्हा नाही. जम्मू-काश्मीरमधील काही जिल्ह्यांत मात्र जिल्हा प्रशासनाने वेळोवेळी त्यावर बंदीचे आदेश काढले आहेत, तेव्हा तेथे प्रवासाला जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी. संयुक्त अरब अमिरातीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांनी अधिक सावध राहणे आवश्यक आहे, कारण तेथील २०२१ च्या सायबर कायद्यानुसार गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आयपी पत्ता बदलल्यास पाच लाख दिरहमपासून पुढे दंड होतो. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याने सरकार सेवा पुरवठादारांना इंटरनेट जोडण्यांच्या नोंदी बारा महिने ठेवण्यास सांगू शकते; तेथील नातलगांनाही हा लेख तितकाच लागू आहे.

सहावा टप्पा : टॉर

पत्रकार, वकील, माहिती अधिकारात काम करणारे कार्यकर्ते किंवा हिंसाचारातून बाहेर पडू पाहणारी स्त्री, अशांना व्हीपीएन पुरेसे नाही. टॉर ब्राउझर तुमची जोडणी तीन वेगवेगळ्या संगणकांमधून फिरवतो, आणि त्यांपैकी कोणालाही तुम्ही कोण आणि कोठे गेलात या दोन्ही गोष्टी एकत्र कळत नाहीत. तो टॉर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा, त्यात कोणतेही एक्स्टेंशन (ब्राउझरमध्ये बसवायचा जादा प्रोग्राम) बसवू नये आणि खिडकीचा आकार बदलू नये. तुम्ही टॉर वापरत आहात हे सेवा पुरवठादाराला दिसते. तेही दिसू नये असे वाटत असेल तर सेटिंग्जमध्ये ‘ब्रिज’ (टॉरमध्ये शिरण्याची, जाहीर यादीत नसलेली वाट) सुरू करता येतो. टॉरमध्ये नेहमीच्या ई-मेल खात्यात प्रवेश केला, तर आपण आपली ओळख आपल्या हाताने दिली असे होते.

सातवा टप्पा : खाती

वरील सगळे करूनही ब्राउझरमध्ये गुगल खाते चालू असेल, तर शोधाचा इतिहास त्या कंपनीकडे तुमच्या नावानिशी साठतो, आणि तपास अधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली कंपनीकडे इलेक्ट्रॉनिक नोंदी मागू शकतो. खात्याच्या सेटिंग्जमध्ये वेब व अ‍ॅपवरील हालचालींची नोंद बंद करा, किंवा निदान तीन महिन्यांनी आपोआप पुसली जाईल अशी व्यवस्था करा. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाटेत सुरक्षित असले, तरी क्लाउडवरील त्यांची प्रत तशी असेलच असे नाही. बॅकअपसाठीचे एन्ड-टू-एन्ड एन्क्रिप्शन (ज्यात कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही) स्वतंत्रपणे सुरू करावे लागते.

आठवा टप्पा : उपकरणच हाती गेले तर

उपकरणात घुसलेल्या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरपुढे व्हीपीएन आणि टॉर दोन्ही निष्प्रभ ठरतात. जुलै २०२१ मध्ये पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचे प्रकरण उघड झाल्यावर सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगण्यात आले की तपासलेल्या २९ मोबाइलपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर आढळले, मात्र ते पेगॅससच होते असे सिद्ध झाले नाही, आणि सरकारने समितीला सहकार्य केले नाही. अशा हल्ल्यापासून संपूर्ण बचाव सामान्य माणसाच्या हाती नाही. प्रणालीचे अद्ययावतीकरण आल्याच दिवशी करणे आणि आयफोन असेल व धोका खरा असेल तर ‘लॉकडाउन मोड’ (काही सोयी बंद करून हल्ल्याच्या वाटा कमी करणारी कडक सुरक्षा) सुरू करणे, हे मात्र करता येते.

पोलिसांनी मोबाइल किंवा लॅपटॉप जप्त केला, तर पंचनाम्यात त्याचा आयएमईआय (मोबाइलचा ओळख क्रमांक) किंवा अनुक्रमांक लिहिला गेला आहे का ते पाहा, साठ्याचे हॅश मूल्य नोंदवण्याची लेखी विनंती करा आणि पंचनाम्याची प्रत घ्या. हॅश मूल्य म्हणजे त्या क्षणी साठ्यात जे आहे त्याचा अंकाक्षरी ठसा. नंतर एक अक्षर जरी बदलले तरी तो जुळत नाही. झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. वकील येईपर्यंत पासवर्ड सांगण्याबाबत घाई करू नये, आणि खोटे तर मुळीच सांगू नये.

बेकायदा पाळतीविरुद्ध दाद मागायची जागा महाराष्ट्र आणि गोव्यातील नागरिकांसाठी मुंबई उच्च न्यायालय ही आहे. याच न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये लाचखोरीच्या प्रकरणातील एका व्यावसायिकाचा दूरध्वनी ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले, कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही अट तेथे पूर्ण होत नव्हती, आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करण्याचा हुकूम दिला. पाळत ठेवली गेली हे संबंधित व्यक्तीला नंतर कळवण्याची तरतूद नियमांत नाही, त्यामुळे बहुतेकांना ती पहिल्यांदा आरोपपत्राची प्रत हाती आल्यावरच कळते. त्या प्रतीत अडवलेल्या संदेशांचे किंवा संभाषणांचे उतारे असतील, तर आदेशाची तारीख व मुदत, सही करणाऱ्या अधिकाऱ्याचा हुद्दा, आदेशात नोंदवलेले कारण आणि तो पुनरावलोकन समितीपुढे वेळेत गेला होता का, या चार बाबी वकिलाकडून आधी तपासून घ्याव्यात.